कॉम्प्युटरची मुदत

२०२५ च्या दिवाळीआधीचा आठवडा. चकलीची उकड गार होत होती आणि बचत गटाचा सहामाही हिशेब अडून बसला होता. म्हटलं, उकड निवतेय तोवर तासभर हिशेब उरकून घेऊ. कॉम्प्युटर लावला, तर पडदाभर पाटी! विंडोज १० ची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ ला संपतेय, पुढची तयारी करा, अशा अर्थाची. माझ्या पोटात गोळाच आला. म्हणजे आता हे बंद पडणार? आणि चौदा बायकांचा हिशेब?

आमच्या ह्यांना हाक मारली. ते चष्मा कपाळावर चढवून आले, पाटी वाचली आणि म्हणाले, "चालतंय ना? मग हात लावू नकोस." पुण्याला लेकाला फोन केला, तर तो म्हणाला, "आई, विंडोज ११ टाकून घे, फुकट आहे." पोवई नाक्याकडच्या एका दुकानात विचारलं, तर तिथला मुलगा म्हणाला, "काकू, तुमच्या मशीनला अकरा बसत नाही. नवंच घ्या, अडतीस हजारांत देतो. नाहीतर जुगाड करून बसवून देतो." तीन पुरुषांची तीन मतं. यातलं एकही रोज त्या कॉम्प्युटरवर बसणाऱ्याचं नव्हतं. रोज बसते मी.

मैत्रिणींनो, २००४ साली मी एमएस-सीआयटी केलं तेव्हा आमच्या बॅचला निम्म्याहून जास्त बायका होत्या. माऊस धरायला शिकलो, पत्रं टाइप केली, सर्टिफिकेट फ्रेम करून भिंतीवर लावलं. पण ऑपरेटिंग सिस्टिम कधी बदलायची, हा निर्णय आपला असतो असं आम्हाला कुणी शिकवलंच नाही. तो नवऱ्याचा, मुलाचा, नाहीतर दुकानदाराचा. दुकानदारावर सोपवून मी एकदा पोळले आहे, म्हणून या वेळी सगळं नीट समजून घ्यायचं ठरवलं.

ते पोळणं आधी सांगते. आमच्या पहिल्या कॉम्प्युटरवर विंडोज एक्सपी होतं. त्यावर साधं मराठी उमटवायचं तर सेटिंगमध्ये जाऊन खूण करायची, वर मूळ सीडी घालायची. ती सीडी आमच्याकडे कुठली असायला? मग सगळे करायचे तसं मीही श्रीलिपीत टाइप करायचे. माझ्या सासूबाईंना जात्यावरच्या ओव्या तोंडपाठ होत्या. दुपारी त्या लसूण सोलता सोलता सांगायच्या, मी टाइप करायचे. दोन हिवाळ्यांत एकशे चाळीस ओव्या झाल्या. २०१२ मध्ये सासूबाई गेल्या. ८ एप्रिल २०१४ ला एक्सपीची मुदत संपली, आणि "आता व्हायरस येतील" म्हणून आम्ही कॉम्प्युटर एका दुकानात नेऊन दिला. दुसऱ्या दिवशी विंडोज ७ घालून, स्वच्छ पुसून परत आला. स्वच्छ म्हणजे किती? ओव्या नाहीत, फोटो नाहीत, बचत गटाची चार वर्षं नाहीत. "डी ड्राइव्हला ठेवायचं ना मॅडम, सी फॉरमॅट होतो," एवढं उत्तर मिळालं. मला सी आणि डी कुठं माहीत होतं! नवरात्रातल्या कार्यक्रमासाठी छापून घेतलेल्या बत्तीस ओव्या तेवढ्या कागदावर राहिल्या. एकशे आठ गेल्या. सांगणारीच नाही म्हटल्यावर त्या परत कुठून आणायच्या?

तर आता ही मुदत म्हणजे काय ते. कॉम्प्युटर बंद पडत नाही. पावसाळ्याआधी आपण कौलं चाळून घेतो ना, तसं कंपनी दर महिन्याला विंडोजची गळकी कौलं बदलत असते. विंडोज १० ची ती चाळणी १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली. घर उभंच राहतं, पण पुढं कौल फुटलं तर बदलायला कोणी येत नाही. हे किती महागात पडतं ते २०१७ च्या मे महिन्यात जगानं पाहिलं. वॉनाक्राय नावाच्या व्हायरसनं सुमारे दीडशे देशांतल्या कॉम्प्युटरमधल्या फायलींना कुलूप घातलं आणि सोडवायला खंडणी मागितली. ब्रिटनमध्ये सरकारी दवाखान्यांना पेशंटच्या भेटी रद्द कराव्या लागल्या. गंमत म्हणजे ते भोक बुजवणारं अपडेट दोन महिने आधी, मार्चमध्येच आलेलं होतं. ज्यांनी ते घातलं नाही, त्यांच्याच घरात चोर शिरला.

आणि "अकरा बसत नाही" हे दुकानातल्या मुलाचं म्हणणं खरं निघालं. विंडोज ११ ला ४ जीबी मेमरी आणि ६४ जीबी जागा लागते, ती माझ्याकडे होती. पण शिवाय टीपीएम २.० नावाचं कुलपासारखं काम करणारं अंग लागतं आणि प्रोसेसर साधारण २०१७-१८ नंतरचा लागतो. माझा कॉम्प्युटर २०१६ चा, इंटेलच्या सहाव्या पिढीचा. 'पीसी हेल्थ चेक' नावाचा कंपनीचाच फुकट प्रोग्रॅम आहे, त्यानं दोन मिनिटांत नापास केलं. जुगाडानं अकरा बसतं म्हणतात, पण अशा मशीनला पुढची अपडेट मिळतीलच अशी हमी नाही, असं कंपनीच सांगते. मग त्या खटाटोपात राहिलं काय?

एवढ्यात भाऊबीज आली, २३ ऑक्टोबरला. मी सांगलीला भावाकडे गेले. तो गावभागात राहतो. माझी वहिनी घरगुती मसाल्याचा व्यवसाय करते, बिलं आणि गिऱ्हाइकांच्या याद्या सगळं लॅपटॉपवर. ओवाळणी झाल्यावर मी माझं गाऱ्हाणं काढलं, तर ती हसली. "वन्सं, माझं तर अकरा घालून वर्ष झालं. लॅपटॉप २०२१ चा आहे, पैसे पडले नाहीत. स्टार्टचं बटण मधोमध गेलं म्हणून आठवडाभर मी डाव्या कोपऱ्यातच टिचक्या मारत होते. जुना प्रिंटर मात्र बोलेनासा झाला, तो बदलावा लागला."

"आणि आतलं काही गेलं नाही?"

"जाईल कसं? पूर शिकवून गेलाय."

ऑगस्ट २०१९ चा पूर सांगलीकरांना सांगायला नको. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट, आणि पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. वहिनीनं तेव्हा गॅसची टाकी माळ्यावर चढवली, सोनं आणि रेशनकार्ड पिशवीत घातलं, सासऱ्यांना धरून बाहेर काढलं. कॉम्प्युटरचा डबा टेबलाखालीच राहिला. पाणी ओसरल्यावर उघडला तर आत चिखल. सहा वर्षांची उधारी कुणाकडे किती, सगळं चिखलात. तेव्हापासून मे महिन्यात लोणचं घालायच्या आधी ती सगळ्या फायली दोन पेन ड्राइव्हवर घेते. एक घरात, एक विश्रामबागेत बहिणीकडे. मग विंडोज बदलायच्या दिवशी तिला कसली भीती?

बोलता बोलता भावानं वडिलांचा विषय काढला. आमचं माहेर वारणाकाठचं, वाळवा तालुक्यातलं. १९९८ मध्ये वारणानगरच्या सहकारी परिसरात 'वारणा वायर्ड व्हिलेज' योजना आली आणि कोल्हापूर-सांगली जिल्ह्यांतल्या सुमारे सत्तर गावांसाठी कॉम्प्युटरची केंद्रं निघाली. वडील उसाच्या वजनाची चौकशी करायला जायचे आणि घरी येऊन सांगायचे, "त्या टीव्हीत माझं नाव आहे." त्या कॉम्प्युटरांवर जगभरची माहिती मिळेल, बाजारभाव कळतील, अशी मोठी स्वप्नं होती. प्रत्यक्षात त्यांच्यावर मुख्यतः उसाच्या नोंदी आणि खताचा हिशेबच चालायचा. पुढं मशीन जुनी झाली. तेव्हा, २००७ च्या सुमारास, मायक्रोसॉफ्टच्याच बंगळूरच्या संशोधकांनी सात गावांत आठ महिने एक प्रयोग केला. कॉम्प्युटर बाजूला ठेवून साध्या मोबाइलच्या एसएमएसवर त्याच नोंदी चालवल्या, आणि काम भागलं! विंडोज विकणाऱ्या कंपनीची माणसं कॉम्प्युटर बाजूला ठेवा म्हणतात, याचं मला तेव्हा फार हसू आलं. पण त्यांनी प्रश्न बरोबर धरला होता. नवीन काय आहे हे त्यांनी नंतर पाहिलं. या डब्यावर आपण नक्की काय करतो, हे आधी पाहिलं.

परतताना एसटीत कऱ्हाड येईपर्यंत मी तिकिटाच्या पाठीमागं यादी केली. लाइट बिल आणि बँक? ते मोबाइलवर. नातेवाइकांचे फोटो? तेही मोबाइलवरच. कॉम्प्युटरवर उरलं काय, तर बचत गटाचा हिशेब, पत्रव्यवहार आणि शिष्यवृत्तीचे फॉर्म भरायला येणाऱ्या मुलींची कागदपत्रं. तिथं माझा हात थांबला. मुलींची आधार कार्डं, आयांची पासबुकं, उत्पन्नाचे दाखले, दहा वर्षांत स्कॅन केलेलं सगळं माझ्याच कॉम्प्युटरमध्ये पडलं होतं. काम झाल्यावर पुसायचं मला कधी सुचलंच नाही. कौल माझ्या घराचं फुटणार, आणि भिजणार दुसऱ्यांची कागदपत्रं! "चालतंय ना" म्हणणाऱ्या आमच्या ह्यांना मी घरी पोचल्यावर हेच सांगितलं. ते गप्प झाले.

पुढच्या आठवड्यात मी आधी दोन पेन ड्राइव्ह आणले. हिशेब आणि पत्रं दोन्हींवर घेतली आणि दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून पाहिली. (हे पाहणं विसरू नका. पेन ड्राइव्हही दगा देतो.) मुलींच्या स्कॅन एकेक करून काढून टाकल्या, कचऱ्याची टोपलीही रिकामी केली. जुनी पत्रं श्रीलिपीतली. तो फॉन्ट नसलेल्या कॉम्प्युटरवर ती उघडली की नुसती खुणांची रांगोळी दिसते. कामाची तेवढी युनिकोडमध्ये बदलून घेतली.

मग बचत गटाच्या बैठकीत विषय ठेवला. कॉम्प्युटर माझा, पण हिशेब सगळ्यांचा. एक जण म्हणाली, "ताई, अडतीस हजारांत दोन शेळ्या येऊन वर पैसे उरतील." दुसरी म्हणाली, "अन् हिशेब काय शेळी लिहिणार?" बराच वेळ हशा झाला. कुणाच्या तरी भाच्यानं लिनक्स सुचवलं. ते फुकट असतं, सीडॅकचं बॉस नावाचं आपलं भारतीयही आहे. एकट्यासाठी मी घातलंही असतं. पण आमच्या तिघी जणी एक्सेलवर आत्ता कुठं रुळल्या आहेत, त्यांना पुन्हा नव्यानं बसवणं मला नको वाटलं.

शेवटी मधला रस्ता निघाला. विंडोज १० वापरणाऱ्या घरगुती लोकांसाठी मायक्रोसॉफ्टनं सुरक्षेची अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत द्यायचं ठरवलं होतं. त्यासाठी कंपनीचं खातं काढून नाव नोंदवावं लागायचं. आपली सेटिंग त्या खात्यात जपून ठेवायला हो म्हटलं, की पैसेही लागायचे नाहीत. सेटिंगमध्ये विंडोज अपडेटच्या पानावरच ते बटण होतं. मी स्वतः नोंदणी केली, वीस मिनिटं लागली. तेवढ्या वर्षभरात आमच्या घरखर्चातून बाजूला टाकून पुढचा कॉम्प्युटर घ्यायचा, आणि गटाच्या पैशाला हात लावायचा नाही, असं ठरलं. शेळीवाली खूश झाली.

दुकानातला मुलगा एकदा रस्त्यात भेटला. "काकू, काय ठरलं? आणा मशीन, फॉरमॅट मारून देतो." मी म्हटलं, "आणीन, पण मी शेजारी बसून राहणार, आणि विचारल्याशिवाय तू काही पुसायचं नाहीस." तो हसला, पण हो म्हणाला.

त्या उरलेल्या बत्तीस ओव्याही मी कागदावरून पुन्हा टाइप केल्या, या वेळी युनिकोडमध्ये. एक पेन ड्राइव्ह सांगलीला वहिनीकडे दिला, तिचा एक माझ्या कपाटात आला. आणि २०२६ चं कालनिर्णय घरात आलं त्या दिवशी ऑक्टोबरचं पान उलटून १३ तारखेला लाल पेनानं गोल केला.