न ऐकू येणारा आवाज ऐकायला हवा

१५ जानेवारी २०२२ च्या रात्री नऊच्या सुमारास बारामती आणि इंदापूरवरून हवेची एक लाट सरकून गेली. त्या दिवशी आपल्याकडे सकाळचे पावणेदहा वाजले असताना प्रशांत महासागरात टोंगा बेटांजवळचा ज्वालामुखी फुटला होता. त्याच्या दणक्याने उठलेली दाबाची लाट जवळजवळ तेरा हजार किलोमीटर अंतर कापून साडेअकरा तासांनी महाराष्ट्रावर आली. उसाचे पान हलले नाही की कुणाच्या कानाला काही जाणवले नाही. पण देशात ठिकठिकाणी हवेच्या दाबमापकांवर त्या रात्री क्षणभर चढ-उतार दिसला. आपल्याला ऐकू येत नाही तो आवाज नसतोच, हा समज चुकीचा असल्याचे ही लाट सांगून गेली. माणसाचा कान सेकंदाला साधारण वीस कंपनांच्या खालचा आवाज ऐकत नाही. त्या मर्यादेखालच्या आवाजाला अवश्राव्य ध्वनी म्हणतात. ज्वालामुखी, उल्का, वादळ, हिमलोट, दरड, धरणाच्या सांडव्यावरून कोसळणारे पाणी ही सगळी असा आवाज करतात. बारीक आवाज हवेत लवकर विरतो, संथ आवाज फारसा विरत नाही. म्हणून तो हजारो किलोमीटर जाऊ शकतो.

याचा पहिला मोठा पुरावा २७ ऑगस्ट १८८३ ला मिळाला. त्या दिवशी क्राकाटोआ ज्वालामुखी फुटला आणि त्याच्या लाटेने पृथ्वीला फेऱ्या घातल्या. जगभरच्या वेधशाळांनी त्या नोंदवल्या, त्यांत मुंबईची कुलाबा वेधशाळाही होती. पुढे अणुचाचण्यांवर नजर ठेवण्यासाठी १९९६ च्या सर्वंकष अणुचाचणीबंदी कराराने अशा आवाजाची साठ केंद्रे जगभर उभारायचे ठरवले. भारताने त्या करारावर सही केलेली नाही, त्यामुळे त्यांतले एकही केंद्र भारतात नाही. बॉम्बसाठी लावलेले हे कान निसर्गाच्याच कामी अधिक आले. १५ फेब्रुवारी २०१३ ला रशियात चेल्याबिन्स्कवर उल्का फुटली. ती सूर्याच्या बाजूने आल्याने कोणत्याही दुर्बिणीला आधी दिसली नव्हती, पण तिचा दणका पार अंटार्क्टिकातल्या केंद्रापर्यंत पोचला आणि स्फोटाची ताकद मोजायला त्या नोंदी उपयोगी पडल्या. उपग्रहाच्या कॅमेऱ्याला ढग आडवा येतो, माणसाच्या डोळ्याला रात्र आडवी येते. आवाजाला यांपैकी काहीच आडवे येत नाही.

पुणे जिल्ह्याला असा आवाज ऐकण्याची गरज किती आहे, हे माळीणने दाखवले. ३० जुलै २०१४ ला आंबेगाव तालुक्यातले हे गाव डोंगराखाली गाडले गेले आणि दीडशेहून अधिक माणसे गेली. बाहेरच्या जगाला ही बातमी कळली ती एका एसटीचालकाला गाव जागेवर दिसले नाही म्हणून. डोंगर कोसळताना जमीन आणि हवा दोन्ही हादरतात, तरीही तो हादरा टिपणारे तिथे कुणी नव्हते. घाटमाथ्यावरचे संकट बारामती-इंदापूरला परकेही नाही. माळीणच्या परिसरातले पाणी घोड नदीतून भीमेत आणि तिथून उजनी धरणाच्या फुगवट्यात येते, तर भोरच्या डोंगरातली नीरा बारामतीची शेते भिजवते. या दोन्ही अवर्षणप्रवण तालुक्यांचे बरेवाईट वरच्या पावसावर ठरते. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पुरंदर भागात अतिवृष्टी झाली, नाझरे धरणातून मोठा विसर्ग सुटला आणि बारामतीत कऱ्हा नदीकाठच्या हजारो लोकांना घर सोडून हलावे लागले. वर काय घडते आहे हे खाली किती लवकर कळते, यावरच अशा रात्री सारे अवलंबून असते.

म्हणून हा आवाज टिपणारी यंत्रे इथेही बसवावीत, असे म्हटले की आक्षेप येतील. पठारावर वारा एवढा, की त्या गोंगाटात यंत्राला काय ऐकू येणार? त्यावरचा उपाय आपल्या शेतकऱ्याला नवा वाटणार नाही. ठिबकच्या लॅटरलसारख्या छिद्रे असलेल्या नळ्या केंद्राभोवती जमिनीवर पसरतात आणि त्या मधल्या एकाच दाबमापकाला जोडतात. वाऱ्याची झुळूक एका छिद्राशी दाब वाढवते तेव्हा दुसऱ्याशी कमी करते, म्हणून तिची बेरीज जवळजवळ शून्यावर येते. दुरून आलेली लाट मात्र सगळ्या छिद्रांवर एकाच वेळी दाब टाकते आणि ठळक उमटते. दुसरा आक्षेप साखर कारखाने आणि दगडखाणीतले सुरुंग यांच्या आवाजाचा. म्हणूनच एका जागी तीन-चार यंत्रे लावतात. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. किलोमीटरभर अंतरावरच्या दोन यंत्रांना तो तीन सेकंदांपर्यंतच्या फरकाने पोचतो आणि त्या फरकावरून दिशा निघते. खाणीची दिशा ठरलेली असते, डोंगराची वेगळी. तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे: हे यंत्र भविष्य सांगत नाही. ते खरेच आहे, दरड कोसळण्याआधी ते बोलणार नाही. पण सिसिलीतल्या एटना ज्वालामुखीवर फ्लोरेन्स विद्यापीठाच्या यंत्रणेने याच आवाजातले बदल ओळखून उद्रेकाआधी इशारे दिले आहेत. आणि आधी नाही तरी घडताक्षणी कळणे ही काही थोडी गोष्ट नव्हे. ढिगाऱ्याखालच्या माणसासाठी पहिला तास आणि सहावा तास यांत जगण्या-मरण्याचे अंतर असते.

म्हणून पर्जन्यमापक किंवा रडार बाजूला सारून नव्हे, तर त्यांच्या जोडीला ही व्यवस्था हवी. घाटमाथ्यावरच्या दरडप्रवण गावांजवळ काही यंत्रे बसवावीत आणि बारामती-इंदापूरच्या मोकळ्या माळावर एक केंद्र उभारावे. हवामानावर शेती बेतणारे शेतकरी, कृषी विज्ञान केंद्र, अभियांत्रिकी महाविद्यालये हे सगळे बारामतीत आहेच; नोंदी वाचायला शिकलेली तरुण मुले इथे मिळतील. भूकंपमापकांशी या नोंदी ताडून पाहिल्या, तर खोटे इशारेही कमी होतील. डोंगर कोसळला हे पुढच्या वेळी तरी एसटीच्या चालकाने सांगेपर्यंत थांबायला लागू नये. तो आवाज हवेत असतोच. तो ऐकण्याची सोय करणे आपल्या हातात आहे.