बचत गटाचा व्यवसाय : बीज भांडवल कोणाचे, हिशेब कोणाचा?

तुमच्या बचत गटाने पापड, बडी, लोणचे किंवा मसाल्याचा व्यवसाय करायचे ठरवले असेल, तर बैठकीत पहिला प्रश्न येतो : "पैसे किती मिळणार?" उत्तर पुढे दिले आहे. पण ते पैसे परत करायचे असतात का आणि हिशेब कोण पाहणार, हे अर्ज भरण्यापूर्वीच समजून घ्या. भिलाई-दुर्ग भागातील मराठी भगिनींसाठी एक खुलासा : येथील अर्जांत ज्याला 'स्व-सहायता समूह' म्हटले आहे, तोच आपला बचत गट.

बीज भांडवल फुकट मिळते का?

नाही. प्रधानमंत्री सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योग योजना (पीएमएफएमई) २०२० मध्ये सुरू झाली. तिच्यात अन्न प्रक्रियेचे काम करणाऱ्या गटाच्या प्रत्येक सदस्येमागे ४०,००० रुपये आणि एका गटाला जास्तीत जास्त ४ लाख रुपये बीज भांडवल मिळू शकते. ते कच्चा माल व लहान अवजारांसाठी असते. शासन ही रक्कम गटांच्या संघाला अनुदान म्हणून देते, मात्र संघाकडून ती सदस्येला कर्ज म्हणून मिळते आणि ती गटात परत करावी लागते. 'अनुदान' हा शब्द कागदावर दिसतो, म्हणून गैरसमज होतो. तुम्ही परत केलेल्या पैशातूनच पुढच्या भगिनीचे काम सुरू होते.

यंत्रासाठी घेतलेल्या कर्जाचा नियम वेगळा आहे. समजा, गटाला ६ लाखांची यंत्रे घ्यायची आहेत. किमान १० टक्के, म्हणजे ६०,००० रुपये गटाने घालायचे आणि उरलेले ५,४०,००० बँकेचे कर्ज. ३५ टक्क्यांप्रमाणे अनुदान २,१०,००० होते. पण ते हातात येत नाही. बँकेत बाजूला ठेवले जाते आणि कर्जाचा शेवटचा हप्ता मिळाल्यापासून तीन वर्षांनंतर, खाते नियमित असेल व काम चालू असेल, तरच कर्जातून वजा होते. कोषाध्यक्षांनी हप्ते वेळेवर भरले नाहीत आणि कोणी पासबुक पाहिले नाही, तर दोन लाखांवर पाणी सोडण्याची वेळ साऱ्या गटावर येऊ शकते. म्हणून पासबुक दर महिन्याच्या बैठकीत सर्वांसमोर उघडा. यात अविश्वास नाही.

गटाचा व्यवसाय एकीच्याच हाती का जातो?

पुष्कळदा कारण साधे असते. लिहिता-वाचता येणारी एकच सदस्य असते, बँकेत तीच जाते, व्यापाऱ्याचा फोनही तिच्याकडेच येतो. हळूहळू बाकीच्या तिच्याकडे रोजंदारीवर काम करू लागतात. कर्ज मात्र सर्वांच्या नावावर राहते.

लिज्जत पापडची रचना याच्या उलट आहे. १५ मार्च १९५९ रोजी मुंबईच्या गिरगावात सात भगिनींनी ८० रुपये उसने घेऊन काम सुरू केले. (त्याच वर्षी भिलाईच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले.) देणगी घ्यायची नाही, असे त्यांनी ठरवले होते. आजही भगिनी केंद्रातून पीठ घरी नेतात, पापड लाटून आणतात व त्याची मजुरी घेतात. शिवाय संस्थेच्या मालक त्याच असल्याने नफ्यातही त्यांचा वाटा असतो. मजुरी आणि नफा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुमच्या नोंदवहीतही दोन्ही वेगळ्या रकान्यांत लिहा, म्हणजे कोणाला कामाचे किती मिळाले आणि गटाला किती उरले, हे निरक्षर भगिनीलाही वाचून दाखवता येईल.

आपल्या शेजारचेच उदाहरण राजनांदगावचे. फूलबासन बाई यादव यांनी २००१ मध्ये गावातील महिलांना एकत्र केले. दर आठवड्याला दोन रुपये आणि मूठभर तांदूळ, एवढीच सुरुवातीची बचत होती. पुढे त्यांची माँ बम्लेश्वरी जनहितकारी समिती जिल्हाभर पसरली आणि दारूबंदी व स्वच्छतेच्या कामातही उतरली. २०१२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. मूठभर तांदूळ ज्यांच्या घरात होते, त्या सगळ्यांना गटात येता आले, ही यातली महत्त्वाची गोष्ट.

अर्ज कोठे करावा?

प्रथम तुमचे घर कोणत्या निगमात येते ते पाहा : भिलाई, रिसाली, भिलाई-चरोदा की दुर्ग. शहरातील गटांनी आपल्या नगर निगमाच्या उपजीविका विभागात चौकशी करावी. पाटण, धमधा भागातील गावांत हे काम जनपद पंचायतीतील 'बिहान' पाहते. सध्या अर्ज स्वीकारले जात आहेत का, हे तेथेच विचारून घ्या. बँकेचे कर्ज व परवान्यांची कागदपत्रे तयार करायला योजनेत जिल्हा साधन व्यक्ती नेमलेली असते. तिला तिचे मानधन शासन देते. ती किंवा दुसरे कोणी 'फाईल पुढे सरकवण्यासाठी' पैसे मागत असेल, तर देऊ नका आणि कार्यालयात लेखी तक्रार करून पोच घ्या.

अर्जासोबत गटाचा ठराव लागेल. त्यावर सही किंवा अंगठा देण्यापूर्वी तो मोठ्याने वाचून घ्या. हिंदीत असेल तर मराठीत सांगायला लावा.