लेकीला विमान दुरुस्ती शिकायचीय? फी भरण्याआधी हे वाचा

मैत्रिणींनो, मागे ग्रामसंघाच्या बैठकीत एका ताईंनी कर्जाची मागणी ठेवली. लेक बारावी सायन्स पास. शहरातल्या एका संस्थेत तिला विमान दुरुस्तीचा कोर्स करायचा होता. फी लाखांच्या घरात. "कोर्स झाला की नोकरी पक्की, असं म्हणालेत," ताई म्हणाल्या. त्या संस्थेला मान्यता कोणाची, असं विचारलं तर त्यांना सांगता येईना. खरं तर आम्हालाही काय तपासायचं ते माहीत नव्हतं. म्हणून सगळी माहिती गोळा केली.

हे काम असतं तरी काय?

विमानाचे टायर, ब्रेक, तेल, इंजिन, वायरिंग हे सगळं वेळच्या वेळी तपासावं लागतं. ठराविक तास उडालं की विमान हँगरमध्ये नेऊन मोठी तपासणी होते. बोल्ट किती आवळायचा तेही पुस्तकात लिहिलेलं असतं, तिथे अंदाजपंचे काम चालत नाही. काम संपलं की सगळी हत्यारं मोजायची. एक पाना कमी भरला तर आधी तो शोधायचा.

शेवटी 'काम नियमाप्रमाणे झालं, विमान उडायला योग्य आहे' अशी सही होते. आपल्या गटाच्या कॅशबुकावर सही करताना आपण दोनदा बघतो ना? इथे त्या सहीवर शेकडो माणसांचा जीव असतो. म्हणून ती सही लायसन्स असलेल्या माणसालाच करता येते.

लायसन्स कोण देतं?

आपल्या देशात हे लायसन्स केंद्र सरकारचं नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, म्हणजे डीजीसीए देतं. कुठलीही शिकवणारी संस्था ते देऊ शकत नाही. संस्थेचं मिळतं ते कोर्स पूर्ण केल्याचं सर्टिफिकेट. सगळी गफलत इथेच होते.

लायसन्सचे मुख्य प्रकार असे: 'ए' म्हणजे किरकोळ, ठरलेली कामं. 'बी-१' म्हणजे इंजिन आणि विमानाचा सांगाडा. 'बी-२' म्हणजे वीज आणि इलेक्ट्रॉनिक्स.

वाट कशी आहे?

१. बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, गणित हवं, किंवा इंजिनिअरिंगचा डिप्लोमा.

२. डीजीसीएच्या 'कार-१४७' नियमाखाली मान्यता असलेल्या संस्थेत शिक्षण. बी-१ किंवा बी-२ साठी साधारण दोन वर्षं.

३. डीजीसीएच्या विषयवार परीक्षा. या इंग्रजीत असतात.

४. चालू विमानांवर प्रत्यक्ष कामाचा अनुभव. मान्य कोर्स केला असेल तर बी-१, बी-२ साठी दोन वर्षं.

५. नंतर मोठ्या विमानावर सही करायची तर त्या-त्या जातीच्या विमानाचं वेगळं प्रशिक्षण.

म्हणजे चार-पाच वर्षं धरून चाला. कर्जाचा हप्ता ठरवताना हे डोक्यात ठेवा. दोन वर्षांत मोठा पगार सुरू होईल या हिशोबाने पैसे उचलू नका.

इंग्रजीची भीती वाटते? बोलणं फाडफाड नसलं तरी चालेल, पण विमानाची पुस्तकं वाचून समजली पाहिजेत. मराठी माध्यमाच्या मुलीने अकरावीपासूनच सवय लावावी.

दहावीनंतर लवकर कमवायचं असेल तर आयटीआयमध्ये एरोनॉटिकल स्ट्रक्चर अँड इक्विपमेंट फिटर हा ट्रेड आहे. त्यातून कारागीर म्हणून काम मिळू शकतं, पण थेट लायसन्स मिळत नाही.

कामाच्या जागा आपल्या राज्यातही आहेत. मुंबईचा विमानतळ आहे, नागपूरला मिहानमध्ये विमान दुरुस्तीचं मोठं केंद्र आहे, नाशिकजवळ ओझरला हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा कारखाना आहे. मुलींना कुठेही मनाई नाही. मात्र रात्रपाळी असते, उंचीवर चढावं लागतं, आवाजात काम करावं लागतं. हे लेकीशी आधीच बोलून घ्या.

पैसे भरण्याआधी चार प्रश्न

- संस्थेचं नाव डीजीसीएच्या वेबसाइटवरच्या यादीत आहे का? संस्थेने दाखवलेला कागद पुरेसा नाही, यादी स्वतः उघडून बघा.
- मान्यता कोणत्या प्रकाराची आहे, आणि आज चालू आहे का?
- दोन वर्षांचा अनुभव कुठे मिळणार? ते लेखी द्या म्हणावं.
- मध्येच सोडलं तर किती फी परत मिळेल?

गटाचं कर्ज घेण्याआधी बँकेत शैक्षणिक कर्जाचीही चौकशी करा. डीजीसीए मान्य कोर्स त्यात बसतो आणि चार लाखांपर्यंत सहसा तारण मागत नाहीत.

त्या ताईंच्या लेकीने बैठकीतच मोबाइलवर यादी उघडली. दोनदा शोधलं, संस्थेचं नाव सापडलं नाही. पैसे वाचले. लेकीचा हट्ट मात्र कायम आहे. आता ती यादीतल्याच एका संस्थेच्या प्रवेशाची तयारी करतेय. कर्जाचा अर्ज पुन्हा आला तर ग्रामसंघ त्याचा नक्की विचार करेल.

तुमच्या गटात बारावी सायन्सची मुलगी असेल तर हे पान तिला वाचायला द्या.