सिग्नल कुत्रा बघत नाही

पाच-सात जणांनी मिळून एखादी गोष्ट ‘खेळायची’ ठरली, की पहिला अर्धा तास पात्रांच्या वाटणीत जातो. ठिकाण जर सर्व्हिस डॉग तयार करणारं प्रशिक्षण केंद्र असेल, तर वाटणी जवळजवळ ठरलेली: दोन अतिहुशार कुत्री, एक खडूस प्रशिक्षक, एक उदास अंध तरुण आणि शेवटी कुत्र्याने वाचवलेला त्याचा जीव. असा रोलप्ले दुसऱ्या बैठकीत बसतो तो उठतच नाही. सगळं कुत्राच करणार, तर बाकीच्यांनी काय टाळ्या वाजवायच्या? खऱ्या केंद्रांत अवघड निर्णय माणसांच्याच गळ्यात पडतात. आपल्या डोक्यातल्या समजुती नेमके तेच प्रसंग गिळून बसतात, म्हणून सूत्रधाराने खेळ मांडण्याआधी त्या निस्तरून घेतलेल्या बऱ्या.

सुरुवात ठिकाणापासून. “आपण पुण्यातच दाखवू की केंद्र,” असं कुणीतरी म्हणतंच. दाखवा, पण मग अर्धा डाव भटक्या कुत्र्यांशी आणि उखडलेल्या फुटपाथशी झुंजण्यात जाईल. भारतात गाईड डॉग अजून फार विरळ. आपल्याकडे इस्पितळांत किंवा विशेष मुलांच्या शाळांत जी कुत्री नेली जातात ती थेरपी डॉग. ती अनेकांना भेटतात, लाड करून घेतात, मन हलकं करतात. सर्व्हिस डॉग एका माणसासाठी आणि ठरावीक कामांसाठी तयार केलेला असतो. दोन्हींची सरमिसळ केली की पात्रांना काय करायचं तेच कळत नाही. त्यापेक्षा सरळ अमेरिकेतल्या न्यू जर्सीत जा. तिथल्या मॉरिसटाउनला ‘द सीइंग आय’ ही गाईड डॉग तयार करणारी जुनी संस्था आहे. त्या राज्यात मराठी कुटुंबं इतकी आहेत, की एडिसनमधल्या कुणा कुलकर्ण्यांनी केंद्राचं पिल्लू सांभाळायला घेतलंय, हे पात्र ओढूनताणून आणल्यासारखं वाटणार नाही.

ही कल्पना मात्र मूळची अमेरिकेची नव्हे. पहिल्या महायुद्धात डोळे गमावलेल्या सैनिकांसाठी जर्मनीत ओल्डनबर्गला 1916 साली अशी पहिली शाळा निघाली. स्वित्झर्लंडमध्ये जर्मन शेफर्ड कुत्र्यांची पैदास करणाऱ्या डोरथी हॅरिसन युस्टिस या अमेरिकन बाईंनी जर्मनीतलं हे काम पाहिलं आणि 5 नोव्हेंबर 1927 च्या ‘सॅटर्डे ईव्हनिंग पोस्ट’मध्ये त्यावर लेख लिहिला. टेनेसीतल्या नॅशव्हिलच्या मॉरिस फ्रँक या अंध तरुणाला तो त्याच्या वडिलांनी वाचून दाखवला. 1928 मध्ये फ्रँक स्वित्झर्लंडला गेला आणि बडीला घेऊन परतला. बडी ही कुत्री होती, कुत्रा नव्हे. तिचं आधीचं नाव ‘किस’. भर रस्त्यात तशी हाक मारायची त्याला लाज वाटली म्हणून ते बदललं. न्यूयॉर्कला उतरल्यावर वार्ताहरांच्या देखत ही जोडी वेस्ट स्ट्रीट हा रहदारीने गजबजलेला रस्ता ओलांडून गेली. पुढे 1929 च्या जानेवारीत नॅशव्हिललाच संस्था उभी राहिली आणि मग न्यू जर्सीला हलली. कुणाला ऐतिहासिक डाव मांडायचा असेल तर हा काळ झकास आहे: हॉटेलवाले, रेल्वेवाले कुत्र्याला आत घ्यायला तयार नाहीत आणि फ्रँक प्रत्येकाशी हुज्जत घालतोय.

आता मुख्य समजूत. कुत्रा मालकाला हवं तिथे घेऊन जातो, सिग्नल हिरवा झाला की रस्ता ओलांडून देतो. दोन्ही चूक. कुठे जायचं, किती चौक सोडून कुठल्या हाताला वळायचं हे माणसाच्या डोक्यात असतं. कुत्रा त्याच्या डाव्या बाजूला चालतो, त्याच्या पाठीवरच्या हार्नेसची ताठ मूठ माणसाच्या डाव्या हातात असते आणि त्या मुठीतून येणाऱ्या हालचाली माणूस वाचत राहतो. कुत्र्याचं काम वाटेतला खांब, सायकल, खोदलेला खड्डा चुकवणं, फुटपाथच्या कडेला थांबणं, जिना आला की सांगणं. स्वतः आरामात खालून जाईल पण माणसाचं कपाळ आपटेल अशी लोंबती फांदी चुकवणंही त्यात येतं, आणि ते शिकवणं सोपं नसतं. कुत्र्याला स्वतःला त्या फांदीचं काहीच वाटत नसतं. लाल आणि हिरवा हे रंग कुत्र्याला नीट वेगळे दिसत नाहीत, त्यामुळे सिग्नलचा प्रश्नच मिटला. समांतर रस्त्यावरच्या गाड्या कधी सुटल्या हे माणूस कानाने ओळखतो आणि ‘फॉरवर्ड’ म्हणतो.

नाट्य यापुढच्या एका क्षणात आहे. माणसाने ‘फॉरवर्ड’ म्हटलं आणि तेवढ्यात आवाज न करणारी इलेक्ट्रिक गाडी वळून आली, तर कुत्र्याने हुकूम मोडायचा असतो. जागचं हलायचं नाही, किंवा माणसाला मागे ढकलायचं. याला विचारपूर्वक केलेली अवज्ञा म्हणतात, आणि ती अंगात भिनावी म्हणून केंद्राचे लोक स्वतः गाडी चालवत कुत्र्याच्या आडवे येतात. म्हणजे महिनोन्‌महिने ‘ऐक, ऐक’ शिकवलेल्या जनावराला ‘आत्ता ऐकू नकोस’ हेही शिकवायचं. प्रशिक्षकाचं पात्र घेणाऱ्याला याहून चांगला पेच कुठला हवा?

खेळात हे आणायला एक साधी युक्ती पुरते. अंध पात्र करणाऱ्याला सूत्रधाराने नकाशा आणि फक्त आवाज-स्पर्श द्यावेत: डावीकडे गाड्या सुटल्या, पायाखाली उतार लागला, बेकरीचा वास आला. कुत्रा करणाऱ्याला समोरचे अडथळे दिसावेत, पण नकाशा मुळीच दिसू नये. दोघांनी बोलायचं नाही. एकाने चार-पाच ठरलेले हुकूम द्यायचे, दुसऱ्याने थांबणं, ओढणं, वळणं एवढंच करायचं. दहा मिनिटांत कळतं की हे काम दोघांचं आहे.

“माणूस कुत्रा कसा करणार, हसू येतं,” अशी तक्रार हमखास येते. गंमत म्हणजे खऱ्या केंद्रांत हे रोज चालतं. गाईड डॉगसाठी अर्ज केलेल्या माणसाची चाल किती झपाट्याची आहे, त्याला मुठीत किती ओढ सोसते, आवाजात किती जरब आहे, हे जोखायला प्रशिक्षक स्वतः कुत्रा होतो. हार्नेसची पुढची बाजू तो हातात धरतो, अर्जदार मूठ धरतो आणि दोघे रस्त्याने चालू लागतात. या काल्पनिक कुत्र्याचं नाव बहुतेक ठिकाणी ‘जुनो’. जुनो मध्येच कुणाच्या तरी डब्याचा वास घ्यायला थांबतो, फाजील ओढतो, आणि अर्जदाराला भर फुटपाथवर एका मोठ्या माणसाला कुत्र्यासारखं दटावावं लागतं. नीट चालला की “शाब्बास” म्हणावं लागतं. येणारे-जाणारे बघतात ते बघतातच. या चालीवरून पुढे कुणाची कुणाशी जोडी लावायची ते ठरतं. झपझप चालणाऱ्या बाईंना रमतगमत जाणारा लॅब्राडॉर दिला, तर दोघांचेही हाल. तुमच्या रोलप्लेचा पहिला प्रवेश म्हणून जुनोची फेरी ठेवा. लाजणाऱ्यांची भीड तिथेच चेपते.

डोळ्यांवर पट्टी बांधून ‘अनुभव’ घ्यायचा मोह मात्र आवरावा. प्रशिक्षक पट्टी बांधून कुत्र्यासोबत चालतात ते कुत्र्याची परीक्षा घ्यायला. हौशी माणसाला पट्टीने मिळतो तो पहिल्या पाच मिनिटांचा घाबरटपणा, आणि मग सगळी अंध पात्रं बिचारी होऊन बसतात. वस्तुस्थिती अशी, की गाईड डॉग मिळण्याआधीच त्या माणसाला पांढरी काठी घेऊन स्वतंत्रपणे फिरता यावं, अशी या संस्थांची अपेक्षा असते. ज्याला एकट्याने चौक ओलांडता येत नाही त्याला कुत्रा शिकवत नाही. तेव्हा केंद्रात येणारं अंध पात्र हे आपल्या शहरातले बसचे थांबे तोंडपाठ असलेली शिक्षिका किंवा वकील असू द्या. तिला प्रश्न ‘कसं चालू’ हा नसतो. काठी सोडून एका जिवावर भरवसा टाकायचा की नाही, हा असतो.

पिल्लं केंद्रातच जन्मतात, वाढतात आणि शिकतात, ही समजूत तर सगळ्यात चांगलं पात्र पुसून टाकते. पिल्लू साधारण आठ आठवड्यांचं झालं की स्वयंसेवक कुटुंबाकडे जातं आणि वर्ष-सव्वा वर्ष तिथेच राहतं. घरात शी-शू न करणं, कुकरच्या शिट्टीला न दचकणं, गर्दीत शांत बसणं हे सगळं ते घर शिकवतं. हार्नेसचं शिक्षण नंतर, केंद्रात, चारेक महिने किंवा थोडं जास्त. अनेक संस्थांत एका वेतातल्या सगळ्या पिल्लांची नावं एकाच अक्षराने सुरू होतात, हा तपशील खेळात जरूर घ्या, कारण मोठ्या डावात कुठला कुत्रा कुणाचा भाऊ ते लगेच ध्यानात राहतं. आणि मग तो दिवस येतो: केंद्राची गाडी दारात, दहा वर्षांचा मुलगा खोलीतून बाहेर यायला तयार नाही, आई मात्र पुढच्या पिल्लासाठी फॉर्म भरतेय. आणखी तीव्र हवं असेल तर न्यूयॉर्क राज्यात 1997 साली सुरू झालेल्या ‘पपीज बिहाइंड बार्स’कडे बघा. तिथे कैदी कोठडीत पिल्लं वाढवतात आणि ती तयार झाली की सोडून देतात.

सगळी पिल्लं शेवटी हार्नेस घालतात, असंही नाही. बरीच गळतात. कुणी खारीमागे धावायचं सोडत नाही, कुणाच्या खुब्यात दोष निघतो, कुणाला चकचकीत फरशीची भीती, आणि कुणाला ते काम नुसतं आवडत नाही. केंद्रात त्यांना कुणी नापास म्हणत नाही, ‘करिअर बदललं’ म्हणतात. त्यातले काही वास शोधण्याच्या कामाला जातात, काही कुणाच्या तरी घरचे लाडके होतात. खेळाडूंपैकी एकाचा कुत्रा असा गळावा, आणि ते सूत्रधाराने फाशाने ठरवावं. नाहीतर प्रत्येकजण आपलाच कुत्रा पास करून मोकळा.

गाईड डॉग म्हणजेच सर्व्हिस डॉग, या समजुतीपायी डाव एकसुरी होतो. कर्णबधिरांसाठीची कुत्री दाराची घंटा वाजली की भुंकत नाहीत. पंजाने किंवा नाकाने स्पर्श करून माणसाला आवाजाकडे नेतात. ब्रिटनमध्ये धुराच्या अलार्मसारखा धोक्याचा आवाज असेल तर कुत्रा स्पर्श करून जमिनीवर आडवा पडतो, कारण आगीकडे नेऊन कसं चालेल? चाकाच्या खुर्चीवरच्या माणसासाठी दार उघडणारी, पडलेली किल्ली उचलून देणारी कुत्रीही असतात. माकड, पोपट वगैरे घेऊन येणाऱ्या खेळाडूला मात्र सांगावं, की अमेरिकेच्या अपंग-हक्क कायद्याच्या 15 मार्च 2011 पासून लागू झालेल्या नियमांत सर्व्हिस अ‍ॅनिमल म्हणजे फक्त कुत्रा. बुटक्या घोड्यासाठी स्वतंत्र तरतूद आहे. 24 ते 34 इंच उंचीच्या, शिकवलेल्या घोड्यालाही जमेल तिथे प्रवेश द्यावा लागतो. घोडा हवाच असेल तर कायदा तुमच्या बाजूने आहे.

कायद्याबद्दल आणखी एक. कुत्र्याच्या अंगावर जॅकेट आणि गळ्यात ओळखपत्र असलंच पाहिजे, हे सगळ्यांना पक्कं ठाऊक असतं आणि ते चूक असतं. अमेरिकेत दोन्ही सक्तीचे नाहीत, आणि माणसाने कुत्रा स्वतः शिकवला तरी चालतं. हॉटेलच्या मॅनेजरला दोनच गोष्टी विचारता येतात: अपंगत्वामुळे हा कुत्रा लागतो का, आणि त्याला कुठलं काम शिकवलंय. आजार कोणता ते विचारायचं नाही, काम करून दाखव म्हणायचं नाही. “मला कुत्र्याची अ‍ॅलर्जी आहे” हे बाहेर काढायचं कारण होत नाही. पण कुत्रा आवरेना किंवा त्याने आतच घाण केली, तर मॅनेजर त्याला बाहेर न्यायला सांगू शकतो. नुसता जवळ असल्याने धीर देणारा कुत्रा या व्याख्येत बसत नाही. भयस्वप्नातून जागं करायला शिकवलेला बसतो. सीमारेषा किती बारीक आहे बघा. मॅनेजरचं पात्र खलनायक न करता यातून फक्कड प्रसंग उभा राहतो. मात्र अजून शिकत असलेल्या कुत्र्याला केंद्रीय कायदा हे संरक्षण देत नाही, ते राज्याराज्यावर अवलंबून, तेव्हा कुलकर्ण्यांनी पिल्लू घेऊन उडप्याकडे शिरण्याआधी विचारलेलं बरं.

पैशांचंही विचारतात. काही संस्था कुत्रा पूर्णपणे फुकट देतात. ‘द सीइंग आय’ पहिल्या कुत्र्यासाठी 150 डॉलर घेते, नंतरच्या प्रत्येकासाठी 50, माजी सैनिकांकडून 1. खर्चाच्या मानाने हा आकडा नाममात्र आहे आणि तो वर्षानुवर्षं तसाच ठेवलाय: माणसाने हात पसरून घेऊ नये, विकत घेऊन आपला म्हणून न्यावा. तिथे कुत्र्याची मालकीही त्या माणसाकडेच जाते. दुसरीकडे काही संस्था मालकी स्वतःकडे ठेवतात. तुमच्या केंद्राचा नियम कुठला, हे पहिल्याच बैठकीत लिहून ठेवा.

कारण आठ-दहा वर्षांनी तो उपयोगी पडतो. कुत्रा निवृत्त होतो. त्या शिक्षिकेला नवा कुत्रा हवा असतो, घर लहान असतं, एडिसनचे कुलकर्णी “आमच्याकडे द्या” म्हणून फोन करतात, आणि ज्याने ‘करिअर बदललं’ सांगून त्यांचं दुसरं पिल्लू परत पाठवलं होतं तोच प्रशिक्षक आता समोर बसलेला असतो. मालकी केंद्राची असेल तर निकाल प्रशिक्षकाचा, नसेल तर शिक्षिकेचा.