कारखान्याची सुटी आणि सिनेमाचा जन्म

खामगावसारख्या कापसाच्या गावात जिनिंगची सुटी झाली की फाटकातून माणसांचा लोंढा बाहेर पडतो. कोणी लगबगीने निघतो, कोणी रेंगाळतो, कोणी सायकल काढतो. जगातील अगदी सुरुवातीच्या चित्रपटांपैकी एकात याहून वेगळे काही नाही. फ्रान्समधील लियाँ शहरात १८९५ साली लुई ल्युमिएर यांनी आपल्याच कारखान्याच्या फाटकासमोर यंत्र लावले आणि घरी निघालेले कामगार टिपले. त्यांत बायकाच जास्त. शिवाय एक कुत्राही आहे. सारा खेळ पाऊण मिनिटाचा. उघड्या फाटकातून आत लाकडी छपराची जी शेड दिसते, तिचे छप्पर आजही उभे आहे.

सिनेमा कारखान्याच्या दारात जन्मला हा निव्वळ योगायोग नव्हे. ल्युमिएरांच्या कारखान्यात छायाचित्रणाच्या काचा तयार होत. प्रकाशाला संवेदनशील असा लेप कसा करावा, काचेवर तो सारखा कसा द्यावा, हे त्यांना पाठ होते. अडचण होती ती हालचालीची. फीत सतत सरकत राहिली तर चित्र पुसट येते. म्हणून प्रत्येक चित्रापुरती ती क्षणभर थांबलीच पाहिजे. याचा नमुना सापडला शिलाई यंत्रात. तिथे सुई कापडात असताना कापड थांबते आणि सुई वर गेली की पुढे सरकते. ल्युमिएरांच्या यंत्रात एक आकडा फितीच्या भोकांत अडकून तिला चित्रभर खाली ओढी आणि सुटून पुन्हा वर जाई. ओढण्याच्या वेळी झडप प्रकाश अडवी. सेकंदाला सुमारे १६ चित्रे. सुमारे १७ मीटरच्या फितीवर ८००च्या आसपास. हेच यंत्र चित्रे घेई, त्यांच्या प्रती काढी आणि पडद्यावर दाखवीही.

हे चित्रण १९ मार्च १८९५ चे असे सांगितले जाते. मात्र याच दृश्याच्या तीन आवृत्त्या आहेत, आणि आपण नेहमी पाहतो तिच्यातले कपडे उन्हाळ्याचे वाटतात. तारखेबद्दल शंका आहे ती त्यामुळे. अशा वादात सावली साक्षीला येते. लियाँचे अक्षांश सुमारे पावणेशेहेचाळीस. तेथे मार्चच्या विषुवदिनी मध्यान्ही एक मीटर काठीची सावली जवळजवळ एक मीटरच पडते. जूनच्या उत्तरार्धात ती ४१ सेंटिमीटरवर येते. खामगावला (अक्षांश सुमारे पावणेएकवीस) विषुवदिनी ती केवळ ३८ सेंटिमीटर असते. शाळेच्या मैदानावर हे मोजून पाहावे. त्रिकोणमिती इतक्या सहजी क्वचितच हाती लागते.

आता फितीविषयी. ती सेल्युलॉइडची होती, आणि सेल्युलॉइडचे मूळ आहे कापूस. रुई खामगावची असो की अमेरिकेची, ती जवळजवळ शुद्ध सेल्युलोज असते. तिच्यावर नायट्रिक व सल्फ्युरिक आम्लांची क्रिया करून नायट्रोसेल्युलोज मिळते; त्यात कापूर मिसळला की लवचीक, पारदर्शक पत्रा तयार होतो. पण हा पदार्थ फार ज्वालाग्राही. जळायला लागणारा ऑक्सिजन त्याच्या रेणूतच असल्याने तो पाण्याखालीही जळत राहतो. ८ जानेवारी २००३ रोजी पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या नायट्रेट फितींच्या कोठारास आग लागली आणि शेकडो जुन्या चित्रपटांच्या फिती गेल्या. आपल्या मूकपटांपैकी फारच थोडे उरले आहेत. म्हणून जे विटा-लाकडांत उरले आहे त्याचे मोल अधिक.

लियाँमध्येही ते सहजासहजी उरले नाही. १९७०च्या दशकात कारखान्याचा बहुतेक भाग पाडला गेला. ही शेड तेवढी वाचली. पुढे तिला वारसा वास्तू म्हणून संरक्षण मिळाले आणि १९९८ साली तिच्या छपराखाली चित्रपटगृह उभे राहिले. समोरच्या रस्त्याचे नावच आता ‘पहिल्या चित्रपटाचा रस्ता’ आहे.

आपल्याकडे ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएरांचे सहा चित्रपट दाखवले गेले. तिकीट एक रुपया. कारखान्यातून सुटणारे हे कामगार त्यांत होते. याच खेळांनी भारावून हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादांनी परदेशातून कॅमेरा मागवला आणि १८९९ मध्ये कुस्तीचे चित्रण केले. वॉटसनची इमारतही एका अर्थी कारखान्याचीच पैदास आहे. तिचा ओतीव लोखंडाचा सांगाडा इंग्लंडमध्ये ओतून, सुटे भाग जहाजाने आणून १८६०च्या दशकात येथे जोडला गेला. २००५ साली तिचा काही भाग कोसळला. २०१९ मध्ये धोकादायक म्हणून ती रिकामी करण्यात आली, आणि पाडावी की दुरुस्त करावी हा वाद न्यायालयापर्यंत गेला.