तोरणमाळचा काळा दगड



हिंदी महासागरात रियुनियन नावाचे एक बेट आहे. आपल्याकडे थंडी पडली, की प्रवासी जहाजे तिकडे जातात. सकाळी जहाज बंदराला लागते. प्रवासी उतरतात, मोटारीने डोंगर चढून ज्वालामुखीची काळी भूमी पाहतात आणि दिवस मावळायच्या आत जहाजावर परततात. तुम्ही म्हणाल, "हे श्रीमंतांचे खेळ. आमच्या शाळेला कोठून परवडणार?" पण अशी भूमी पाहावयास जहाज कशाला हवे? शहाद्याहून तोरणमाळची एस. टी. धरा. पन्नास-पंचावन्न किलोमीटरांची वाट. समुद्रसपाटीपासून सुमारे १,१५० मीटर उंचीचे हे सातपुड्यातले पठार ज्वालामुखीच्या रसाचेच बनलेले आहे. त्या दूरच्या बेटाशी त्याचे नातेही आहे. ते शेवटी सांगतो.

ज्वालामुखी म्हटला, की मुले पाटीवर धूर ओकणारा शंकू काढतात. आपल्याकडे तसे झाले नाही. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी येथे जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून तापलेला शिलारस बाहेर आला. तव्यावर धिरड्याचे पीठ पसरावे, तसा तो दूरवर पसरला आणि थिजला. मग त्यावर दुसरा थर आला, त्यावर तिसरा. अशी ही धिरड्यांची चवड रचली गेली. ती आज सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरांवर पसरलेली आहे. महाराष्ट्राची सुमारे ८० टक्के भूमी हिच्यावरच वसली आहे.

आता घाटाकडे चला. या वाटेवर सातपायरी घाट लागतो. नावातच पायऱ्या आहेत, आणि समोरचे डोंगर पाहा, तेही पायऱ्यापायऱ्यांचेच दिसतात. भूशास्त्रज्ञ आपल्या या दगडाला 'ट्रॅप' म्हणतात. तो शब्द स्वीडिश भाषेतल्या जिन्यावरून आला आहे. घट्ट थर कड्यासारखा उभा राहतो, पोकळ थर झिजून उतार होतो. त्यातून पायरी घडते.

घाटात जेथे रस्त्यासाठी डोंगर कापला आहे, तेथे मुलांना तीन गोष्टी शोधावयास सांगा. पहिली, घट्ट काळा दगड. हातोडी मारली तर खणकन वाजेल. दुसरी, भोकाभोकांचा दगड. शिलारसातील वायू बुडबुडे होऊन वर आले आणि तेथेच अडकले. धिरड्याला जाळी पडते ना, तशी ही जाळी. पुष्कळदा ही भोके पुढे पांढऱ्या खड्यांनी भरून गेलेली दिसतात. तिसरी, दोन थरांमधला लाल मातीचा पट्टा. एक थर थिजल्यावर पुढचा येईपर्यंत बराच काळ गेला, तेवढ्यात खालच्या दगडाची माती झाली आणि वरून आलेल्या तापल्या रसाने ती भाजून निघाली. म्हणजे तो लाल पट्टा म्हणजे मधली सुट्टीच म्हणा ना!

हे सारे कशासाठी पाहावयाचे? तर पाण्यासाठी. तोरणमाळला पाऊस चांगला पडतो. पण उन्हाळ्याच्या तोंडी सातपुड्यातल्या पाड्यापाड्यांवरच्या बायाबापड्यांना पाण्यासाठी दरीत उतरावे लागते. पडलेले पाणी जाते कोठे? घट्ट काळ्या दगडात पाणी शिरत नाही. ते शिरते झिजलेल्या, भेगाळलेल्या आणि जाळीदार थरात. तेथून खाली जाता जाता घट्ट दगड किंवा लाल चिकट माती आडवी आली, की ते बाजूला सरकते आणि डोंगराच्या अंगातून झरा होऊन बाहेर पडते. म्हणून झरा जेथे दिसतो, तेथेच त्याची काळजी घेऊन भागत नाही. त्याचे पाणी वरच्या अंगाला मुरलेले असते. तेथली झाडे राखली, समतल चर खोदले, तर झरा अधिक दिवस टिकतो.

विहिरीचेही तसेच. धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांत जमिनीतून वर आलेल्या दगडी भिंतींसारख्या लांबट टेकड्या ठिकठिकाणी दिसतात. शिलारस ज्या भेगांत थिजून बसला, त्याच या भेगा. अशी भिंत अभंग असेल, तर ती भूमिगत बंधाऱ्यासारखी पाणी अडवते आणि वरच्या अंगाच्या विहिरीला पाणी बरे राहते. ती तडकलेली असेल, तर पाणी तिच्यातूनच वाहते. तेव्हा विहीर धरण्यापूर्वी जाणत्याला ती भिंत दाखवावी. नुसत्या नारळावर भरवसा ठेवू नये.

दुपारी यशवंत तलावाच्या काठी भाकरी सोडा. मग सीताखाईकडे जा. कड्यापासून मुलांना चार पावले मागेच उभे करा, आणि समोरच्या कड्यातले थर मोजावयास लावा.

आता ते नाते. भूखंड जागचे हलत असतात, वर्षाला काही सेंटिमीटर. आपला शिलारस वर आला, तेव्हा भारत आजच्यापेक्षा पुष्कळ दक्षिणेस होता. ज्या खोल चुलीवर तो तेव्हा होता, तीच आज रियुनियनखाली धगधगते आहे, असे बहुतेक भूशास्त्रज्ञ मानतात. शेजारचे मॉरिशसही त्याच चुलीवरचे. एकोणिसाव्या शतकात कोकणातून मजुरीला गेलेल्या मराठी माणसांचे वंशज तेथे राहतात. घर सोडून हजारो कोस गेले, आणि जाऊन वसले ते आपल्याच चुलीच्या दगडावर!

सहलीला जाणे जमले नाही, तरी हिरमुसू नका. प्रत्येक गावात एक तरी विहीर असते. मुलांना कठड्याआडूनच तिच्या भिंती पाहावयास सांगा. वरून माती, मग मुरूम, मग दगड. कोठे जाळी, कोठे लाल पट्टा, आणि पाणी कोणत्या थरातून झिरपते. त्याचे चित्र वहीत काढून घ्या. दुष्काळाच्या वर्षी ते चित्र गावाच्या उपयोगी पडेल.