स्लॅबच्या पोटातलं मीठ

वऱ्हाडातल्या जुन्या घरावर वर्षातून एकदा माणूस चढायचाच. घर कवेलूचं असलं तर मृगाआधी कवेलू फेरायचे. फुटके काढून साबूत बसवताना वासे हाताने दाबून पाहिले जायचे, कुठे वाळवी लागली ते तेव्हाच कळायचं. घर धाब्याचं असलं तर खाऱ्या मातीचा नवा थर देऊन उतार सारखा करायचा. छताची वेगळी तपासणी अशी कुणी करत नसे, कारण डागडुजीतच ती होऊन जाई. स्लॅब आला आणि हा शिरस्ता संपला. स्लॅब टाकला म्हणजे एका पिढीची काळजी मिटली, असं आपण धरून चालतो. प्रधानमंत्री आवास योजना २०१६ साली ग्रामीण भागात आली तेव्हा २५ चौरस मीटरच्या घरकुलासाठी १ लाख २० हजार रुपये मिळू लागले. त्या पैशात घर उभं राहतं, पण पुढे छताकडे कुणी आणि कधी पाहायचं, याचा विचार कुठेच होत नाही. अमरावती जिल्ह्यातल्या भातकुलीसारख्या तालुक्यात जाणकार माणसाकडून होणारी छताची तपासणी ही चैन नसून घराच्या खर्चाचाच भाग धरली पाहिजे, असं माझं स्पष्ट मत आहे. त्याचं कारण इथल्या पाण्यात आहे आणि मातीतही.

भातकुली तालुका पूर्णा नदीच्या खारपाणपट्ट्यात येतो. अमरावती, अकोला आणि बुलडाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेल्या या पट्ट्यात विहिरीचं आणि बोअरचं पाणी खारं लागतं. खारी माती धाब्याला उपकारक होती. सोडियममुळे ओल्या मातीचे बारीक कण सुटे होतात, मातीतली छिद्रं बुजवतात आणि पाणी खाली उतरू देत नाहीत. जे मीठ धाब्याला राखत होतं, तेच स्लॅबला आतून खातं. ताज्या काँक्रीटचा पीएच १२ ते १३ च्या घरात असतो आणि त्या अल्कतेमुळे लोखंडाच्या सळीवर एक पातळ संरक्षक थर तयार होतो. मिठातलं क्लोराइड सळीपर्यंत पोहोचलं की हा थर फुटतो. मग सळीला गंज चढतो. गंजाला मूळ लोखंडाच्या दुप्पट ते सहापट जागा लागते. स्लॅबच्या खालच्या अंगाला सळीवर जेमतेम २० मिलिमीटर काँक्रीट असतं; आतून ढकललं जाऊन ते तडकतं, फुगतं आणि शेवटी पोपडा होऊन खाटेवर पडतं.

‘पिण्याचं पाणी बांधकामाला चालतं’ हा नियम इतरत्र ठीक आहे, इथे तो अपुरा पडतो. पर्यायी स्रोत नसेल तर पिण्याच्या पाण्यात लिटरमागे १,००० मिलिग्रॅमपर्यंत क्लोराइड भारतीय मानक चालवून घेतं. सळीच्या काँक्रीटसाठीच्या पाण्याला मात्र आयएस ४५६ हे मानक ५०० मिलिग्रॅमची मर्यादा घालतं. म्हणजे माणसाने नाइलाजाने प्यायला हरकत नाही असं पाणी सळीला घालायला मनाई असू शकते. जिभेला खारटपणा साधारण २५० मिलिग्रॅमच्या आसपास कळू लागतो. तेव्हा जे पाणी स्पष्ट खारट लागतं, ते मोजल्याशिवाय स्लॅबला वापरू नये, इतकं तर कुणालाही घरबसल्या ठरवता येईल. स्लॅब टाकल्यावरही मीठ आत जाणं थांबत नाही. वैशाखात पारा ४५ अंशांवर असताना खाऱ्या पाण्याने स्लॅब भिजवला तर पाणी उडून जातं आणि मीठ मागे राहतं. त्याहून वाईट म्हणजे छतावरची प्लास्टिकची टाकी. बोअर सुरू राहिला की टाकी भरून वाहते, पाणी रोज त्याच जागी पडतं आणि रोज त्याच जागी सुकतं. टाकीच्या बुडाशी जो पांढरा, नखाने खरवडला तर भुकटी होणारा थर दिसतो, तो भिंतीला लोणा लागतो त्याच जातीचा. बरोबर त्याच्याखाली, घरात, छताला तांबूस डाग दिसला तर तो डाग धुण्याचा किंवा रंगवण्याचा नाही, दाखवण्याचा आहे.

दाखवायचा कशाला, तडा तर आम्हालाही दिसतो, असं कुणी म्हणेल. तडा दिसतो, पण तो कशाचा हे दिसत नाही. भातकुलीच्या घरात तो तीन कारणांनी जाऊ शकतो. काळी माती उन्हाळ्यात आकसते आणि पावसाळ्यात फुगते; पाया हलला की भिंतीत तिरपा, विटांच्या सांध्यांतून पायऱ्यांसारखा उतरणारा तडा जातो आणि तो ऋतूप्रमाणे कमी-जास्त होतो. दुसरा उन्हाचा. दहा मीटर लांबीचा स्लॅब ३० अंशांच्या फरकाने सुमारे ३ मिलिमीटर लांबतो, भिंत तेवढी लांबत नाही, म्हणून स्लॅबच्या बुडाशी भिंतीत आडवी रेघ उमटते. तिसरा गंजाचा. तो सळीच्या रेषेने सरळ धावतो; सळ्या जितक्या अंतरावर, तितक्याच अंतरावर असे तडे ओळीने दिसतात. तिन्हींचा उपाय वेगळा आहे. पायाच्या तड्यावर छताला रसायन फासून काही होत नाही, आणि गंजाच्या तड्यात सिमेंट भरणं तर नुकसानीचंच. नवं, मीठ नसलेलं काँक्रीट आणि त्याच्या शेजारचं जुनं, खारावलेलं काँक्रीट यांच्या सीमेवर गंज उलट जोर धरतो, आणि एकदोन वर्षांत दुरुस्तीच्या कडेनेच नवा पोपडा निघतो.

पाणी जिथे दिसतं तिथेच दोष असतो असं नाही, हे थंड देशांतल्या घरांवरूनही पटतं. टोरांटो किंवा मिनेसोटात घर घेणारी मराठी कुटुंबं खरेदी पक्की करण्यापूर्वी सहसा तपासनीस बोलावतात. तो छत वरून पाहतोच, पण छताखालच्या माळ्यावर बॅटरी आणि ओल मोजायचं यंत्र घेऊन शिरतो. खालच्या खोल्यांतली उबदार, दमट हवा माळ्यात गेली की थंड फळ्यांवर दव धरतं, खिळ्यांची टोकं गंजतात. उष्णता वर गळून छतावरचं बर्फ वितळतं, ते पाणी पन्हाळीशी पुन्हा गोठून बांध घालतं आणि मागे तुंबलेलं पाणी घरात उतरतं. छत शाबूत असूनही घर गळतं. चूक माळ्यात शिरणाऱ्या उबदार हवेत आणि तिथल्या अपुऱ्या वायुवीजनात असते. तिथे दोष घरातल्या हवेत शोधावा लागतो, आपल्याकडे टाकीच्या पाण्यात. हवामान अगदी उलटं, पण छत वरून आणि खालून दोन्हीकडून पाहायचं, हे सारखंच.

जाणकार येऊन करतो काय? हलक्या हातोडीने स्लॅबचं बूड ठोकत जातो. शाबूत काँक्रीट खणखणीत वाजतं, सुटलेलं बद्द बोलतं. संशय आला तर छोटं छिद्र पाडून फिनॉल्फ्थॅलीन टाकतो: गुलाबी झालं तर अल्कता टिकून आहे, रंग आला नाही तर संपली. विद्युत-विभव मोजण्याची चाचणीही आहे. तांब्याच्या संदर्भ-विद्युतअग्राशी तुलना करता आकडा उणे ३५० मिलिव्होल्टच्या खाली गेला तर गंज चालू असण्याची शक्यता ९० टक्क्यांहून जास्त मानतात. यातलं काहीही मिस्त्रीच्या कसबाला कमी लेखत नाही. स्लॅब टाकणं हे एक कसब आहे, त्याचं दुखणं ओळखणं हे दुसरं.

खर्चाचा आक्षेप मात्र खरा आहे आणि तो झटकून टाकण्याजोगा नाही. कापसाच्या आणि सोयाबीनच्या भावावर घर चालवणाऱ्याने इंजिनिअरची फी एकट्याने भरावी, ही अपेक्षा चुकीची ठरेल. महापालिकांच्या हद्दीत ३० वर्षांहून जुन्या इमारतींची संरचनात्मक तपासणी कायद्याने मालकावर टाकली आहे, पण तो हिशेब शहरी इमारतींचा आहे. खारपाणपट्ट्यात स्लॅबला ३० वर्षं होईपर्यंत वाट पाहणं धोक्याचं. इथे ग्रामपंचायतीने पुढे व्हावं. एका गावातली घरकुलं एकाच सुमाराची, बहुतेक एकाच पाण्याची असतात. ती एकत्र पाहिली तर एका घरामागचा खर्च खूप उतरतो. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत पाण्यातलं क्लोराइड मोजून मिळतं. अमरावतीत १९६४ पासून शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. स्थापत्यच्या विद्यार्थ्यांना प्राध्यापकांच्या देखरेखीखाली अशा पाहणीला पाठवलं तर गावाला माहिती मिळेल आणि मुलांना पुस्तकाबाहेरचा गंज दिसेल.

तपासणीच्या वेळा दोन आहेत. एक अक्षय्य तृतीयेनंतरची, छत कोरडं असताना, वरून: उतार, पाणी जायचं भोक, कठड्याचा सांधा, टाकीचं बूड. दुसरी पहिल्या दमदार पावसानंतरच्या दोन-तीन दिवसांतली, खालून, ओल कुठवर आली ते पाहायला. डागाभोवती पेन्सिलने रेघ मारून शेजारी तारीख लिहावी. पुढच्या वर्षी डाग रेघेबाहेर गेला आहे का, हे येणाऱ्या जाणकाराला तिथेच वाचता येईल. आणि ओव्हरफ्लोला एक नळी जोडून ते पाणी आजच छताबाहेर सोडावं, त्यासाठी कुणाची वाट पाहायला नको.